सोनौली ते सोनौली: आपल्याच गाडीने नेपाळची फेरी कशी आखावी

गाडी घेऊन नेपाळला जातोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘काठमांडू किती किलोमीटर?’ माझ्या मते हा प्रश्न डोक्यातून काढून टाकला की अर्धं नियोजन झालं. नेपाळच्या डोंगरात किलोमीटरला काही अर्थ नाही, तिथे तास मोजायचे. शंभर किलोमीटरला चार तास लागले तर काही चुकलं असं समजू नका. आणि पहिल्या खेपेला काठमांडू सरळ वगळा. तिथली वाहतूक, पार्किंग आणि शहरात शिरण्याआधीचा घाट यांत दोन दिवस जातात. डोंगरातली टुमदार गावं मग खिडकीतूनच बघायची पाळी येते. घरात आजी-आजोबांचा पशुपतिनाथाचा हट्ट असेल तर पोखऱ्याला गाडी ठेवून विमानाने जाऊन या, अर्ध्या तासाचं उड्डाण आहे.

मी सुचवतोय ती फेरी अशी: भारत-नेपाळ सीमेवरची सोनौली, लुंबिनी, तानसेन, पोखरा, बंदीपूर, चितवनमधलं सौराहा आणि परत सोनौली. नेपाळमधलं अंतर सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास. आठ मुक्काम. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बुटवलच्या आसपासचा आणि बंदीपूरच्या चढाचा तुकडा सोडला तर फारसा कुठलाच रस्ता दोनदा लागत नाही, आणि एकाही दिवशी अंधारात गाडी चालवावी लागत नाही. या दुसऱ्या गोष्टीसाठी सगळा आराखडा उलटापालटा करावा लागला तरी चालेल.

कधी निघायचं

दिवाळी आटोपल्यानंतरचा नोव्हेंबर सर्वांत चांगला. पाऊस संपलेला असतो, हवा धुतल्यासारखी असते आणि हिमशिखरं दिसतात. ऑक्टोबरही सुंदर, पण तेव्हा दशैं असतो. आपलं नवरात्र-दसरा तोच त्यांचा सर्वांत मोठा सण. अख्खं काठमांडू गावी निघालेलं असतं, बसगाड्या टपावर सामान लादून धावत असतात आणि खोल्या मिळत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये लाली गुराँस (लाल ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो, पण धुरकट हवेमुळे शिखरं दिसतीलच असं नाही. डिसेंबरअखेर ते जानेवारी गोरखपूर पट्ट्यात धुकं इतकं दाट की बॉनेटपुढचं दिसत नाही.

जून ते सप्टेंबर नकोच. कॅलेंडरवर पाऊस संपला म्हणून निर्धास्त होऊ नका. २०२४ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांत झालेल्या पावसाने काठमांडूला जाणारे रस्ते तोडले होते, काठमांडू-पोखरा जोडणाऱ्या पृथ्वी राजमार्गावर दरडीखाली गाड्या गाडल्या गेल्या होत्या.

कागदपत्रं

व्हिसा लागत नाही. प्रौढांसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोहोंपैकी एक मूळ स्वरूपात हवं. ‘आधार आहे ना’ म्हणून निघणारे बरेच भेटतात. १५ वर्षांखालची मुलं आणि ६५ च्या पुढचे यांना आधार चालतं, मधल्यांना नाही. १५ ते १८ वयातल्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ओळखीचं प्रमाणपत्र घ्यायची तरतूद आहे, पण त्या धावपळीपेक्षा पासपोर्ट बरा.

गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालवणाऱ्या प्रत्येकाचा परवाना बरोबर ठेवा. भारतीय परवाना तिकडे चालतो, आणि गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची असते. गाडी भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं संमतिपत्र घ्या. मालक स्वतः गाडीत बसला असेल तर उत्तमच. प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स काढून एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, ड्रायव्हरच्या हाताशी.

विम्याचं मात्र घरून निघण्याआधी पंधरा दिवस बघा. आपली नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. थोडा जादा हप्ता भरून तिचं भौगोलिक क्षेत्र नेपाळपर्यंत वाढवून मिळतं. एजंटला त्याची सवय नसते, तो ‘काही लागत नाही हो’ म्हणतो. त्याचं ऐकू नका, पॉलिसीत ‘नेपाळ’ हा शब्द छापून घ्या.

गोरखपूरपर्यंत

हा भाग थोडक्यात. नाशिकहून समृद्धी महामार्गाने पहिल्या दिवशी नागपूर. दुसऱ्या दिवशी सिवनी-जबलपूर-कटनीमार्गे रीवा. पेंचच्या जंगलातून जाताना रस्ता उंच खांबांवर उचलून प्राण्यांना खालून वाट करून दिली आहे, ती बघण्यासाठी वेग कमी करावा. तिसऱ्या दिवशी वाराणसीला बगल देऊन गोरखपूर. रोज साडेचारशे ते सहाशे किलोमीटर होतात, दोन चालक असले तर सुसह्य. एक दिवस हाताशी असेल तर काशीत थांबा. शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट, अहिल्याबाईंनी उभं केलेलं विश्वनाथाचं मंदिर पाहताना आपली माणसं इथवर कशी पोचली असतील, असं वाटत राहतं, आणि तुम्ही तर एसीत बसून आलेले असता.

गोरखपुरात रात्री तीन कामं उरका: टाकी पूर्ण भरा, शंभराच्या नोटांची गड्डी करा, नेपाळचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या. गाडी सीएनजीवर असेल तर पेट्रोलची टाकी तुडुंब हवी, पलीकडे सीएनजीचा भरवसा धरू नका. फास्टॅगही तिकडे निव्वळ काचेवरचा स्टिकर.

सीमेवरचे दोन तास

गोरखपूर ते सोनौली शंभर किलोमीटरच्या आत आहे. पहाटे पाचला निघा. कारण शेवटचे काही किलोमीटर ट्रकची रांग उभी असते आणि उजाडल्यावर तिच्या शेजारून जाणाऱ्या रिक्षा, सायकली, हातगाड्या यांतून वाट काढणं नकोसं होतं. रांग बघून तुम्हीही मागे उभे राहू नका. ती मालवाहू गाड्यांची आहे.

भारतीय बाजूला ओळखपत्र, डिकीची एक झलक, ‘कुठून आलात?’ एवढंच. कमान ओलांडली की पलीकडे बेलहिया. गाडी कडेला लावा आणि ‘भन्सार’ शोधा. भन्सार म्हणजे जकात, कस्टम्स. हा शब्द पाठ करा, कारण पुढचे आठ-नऊ दिवस पोलीस तुम्हाला थांबवून हाच विचारणार आहेत.

कमानीतून आत शिरताच दोन-चार एजंट खिडकीशी येतात. त्यांची गरज नाही. खिडकीवर आरसी आणि परवाना द्यायचा, फॉर्म भरायचा, किती दिवस राहणार ते सांगायचं आणि दिवसागणिक शुल्क भरायचं. खासगी गाडीला वर्षभरात एकूण तीस दिवसांपर्यंत अशी परवानगी मिळते. येण्याचा आणि परतीचा दिवस दोन्ही मोजा आणि वर दोन दिवस जादा भरा. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून नेमके नऊच दिवस भरले. नवव्या दिवशी परतीच्या वाटेवरच्या दौन्नेच्या घाटात एक ट्रक आडवा झाला, चार तास गाडी जागची हलली नाही, आणि मी घड्याळाकडे बघत दंडाचा हिशेब करत बसलो. सीमेवर पोचलो तेव्हा तो दिवस संपायला जेमतेम दोन तास उरले होते. दोन दिवसांचं जादा शुल्क त्या चार तासांपेक्षा खूपच स्वस्त होतं.

पावती हातात आली की तिथेच उभं राहून वाचा. गाडीचा नंबर बरोबर आहे का, आणि तारीख कुठली आहे. पावतीवर विक्रम संवत असतो, म्हणजे २०२५ चा नोव्हेंबर तिथे २०८२. ‘मंसिर १०’ वाचून आपण मार्गशीर्ष म्हणून पंचांग उघडतो आणि फसतो, कारण त्यांचे महिने सौर असतात, आपल्या तिथीशी त्यांचा मेळ बसत नाही. खिडकीवरच्या माणसाला इंग्रजी तारीख विचारा आणि पेन्सिलने बाजूला लिहून ठेवा. मग पावतीचा फोटो काढा.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. नेपाळी सिमकार्ड पलीकडच्या दुकानातच घ्या, ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोटो लागतो.

पैशांचं एकच गणित आहे: १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदार विचारतो, ‘आईसी कि एनसी?’ आईसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. भाव ठरवताना तुम्हीही हेच विचारा, नाहीतर आठशेची खोली आठशे एनसी समजून घ्याल आणि सकाळी बिल आईसीत येईल. मोठ्या भारतीय नोटांवरचे नियम बदलत आले आहेत, शंभराची नोट मात्र कुठेही अडत नाही. २०२४ पासून आपल्या ‘फोनपे’च्या (PhonePe) नव्हे, तर तशाच उच्चाराच्या तिथल्या ‘फोनपे’ (Fonepay) जाळ्याच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालू झालंय. नावाचा हा घोळ तिथे प्रत्येक काउंटरवर होतो. शहरात उपयोग होतो, डोंगरात रोकड.

पहिला मुक्काम लुंबिनी

सीमेलगतच्या भैरहव्याहून लुंबिनी बावीस-एक किलोमीटर, सपाट रस्ता. सीमेवर दमलेल्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच पुरे. मायादेवी मंदिराशेजारचा अशोकस्तंभ जवळून पाहा. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी अशोक स्वतः इथे आला, इथे बुद्ध जन्मला म्हणून त्याने हे गाव करमुक्त केलं आणि धान्याचा हिस्सा अष्टमांशावर आणला, असं त्यावर कोरलं आहे. सकाळीच भन्सार भरून आलेल्या माणसाला हा शिलालेख वाचून गंमत वाटते. नागपूरकडून आलेल्या बौद्ध यात्रेकरूंच्या बसगाड्या इथे हमखास भेटतात; पोह्यांचा वास आला तर चकित होऊ नका.

बुटवल ते तानसेन: या फेरीचं गुपित

बहुतेक गाड्या सोनौलीहून थेट पोखरा गाठतात आणि तानसेनला चहासुद्धा घेत नाहीत. मला वाटतं, ही या वाटेवरची सर्वांत मोठी चूक.

बुटवल संपतं तिथेच डोंगर भिंतीसारखा उभा राहतो. सिद्धार्थ राजमार्ग तिनाऊ नदीच्या घळीत शिरतो. सुरुवातीचा सिद्धबाबा मंदिराजवळचा टप्पा वरून दगड येण्यासाठी बदनाम आहे, बोगद्याचं काम हाती घेतलंय. इथे फोटोसाठी थांबायचं नाही, गाणी बंद करायची, काचा थोड्या खाली घ्यायच्या आणि गप्प पुढे सरकायचं. पुढे चाळीसेक किलोमीटरमध्ये तुम्ही खालच्या सपाट तराईच्या उकाड्यातून तेराशे-चौदाशे मीटरवर येता आणि स्वेटर शोधू लागता.

तानसेनच्या गल्ल्या इतक्या चढाच्या की गाडी खाली बसपार्कजवळ ठेवून पायी जावं. उतारावर दगडी फरसबंदी, लाकडी कोरीव खिडक्या, आणि मधूनच खटक-खटक मागाचा आवाज. ढाका टोपीचं कापड इथलं. दरबाराची इमारत २००६ मध्ये माओवाद्यांच्या हल्ल्यात जळाली होती, ती पुन्हा उभारली आहे. संध्याकाळी एखाद्या साध्या भोजनालयात चुकाउनी मागा. उकडलेला बटाटा, दही, कांदा, वरून मेथीची फोडणी; आपल्या बटाट्याच्या कोशिंबिरीची सख्खी बहीणच. आणि सकाळी बटुक. हा काळ्या उडदाचा वडा तळणीतून काढला की कडेला फेस धरलेला, मध्ये भोक, रंग करपल्यासारखा काळपट. बाई तो हातानेच थापून तेलात सोडत होत्या, माझ्या बायकोने विचारलं, ‘भिजवता किती वेळ?’ उत्तर नेपाळीत आलं आणि ते बिनदुभाष्याचं कळलं: ‘रातभर.’

चालणाऱ्यांनी एक दिवस वाढवून काली गंडकीच्या काठचा राणी महाल गाठावा. खड्ग शमशेर राणा याने दिवंगत पत्नी तेजकुमारीच्या आठवणीत बांधलेला, नदीतल्या खडकावर एकटा उभा.

तानसेन ते पोखरा

सव्वाशे किलोमीटरच्या आतलंच अंतर, पण पाच तास धरा. रामदीच्या पुलावर मात्र कडेला गाडी लावून उतराच. खाली राखाडी पाणी वाहतं ती काली गंडकी. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच नदीचा. त्याच्या पोटातलं ‘चक्र’ म्हणजे ज्युरासिक काळातल्या समुद्री जीवाची, अमोनाइटची, दगड झालेली शिंपली. हिमालय उभा राहायच्या आधी तिथे समुद्र होता, त्याची ही खूण. चांगले शाळिग्राम वर मुस्तांगकडे सापडतात, त्यामुळे रस्त्यावर कुणी हातात कोंबला तर भक्तिभाव आवरावा.

पुढे स्याङ्जा जिल्हा, नोव्हेंबरात रस्त्याच्या दुतर्फा संत्र्यांचे ढीग. नागपूरकरांनी चव घेतल्याशिवाय नाक मुरडू नये.

पोखऱ्यात तीन रात्री द्या. कारण ढग. एक सकाळ हमखास वाया जाते. माछापुच्छ्रे, ६,९९३ मीटर, फेवा तलावाच्या वर असा काही उभा असतो की ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा त्याच्यापुढे मागे सरकल्यासारखी वाटते. शिखरं पहाटे ते नऊ-साडेनऊपर्यंत, पुढे वाफ चढते. सारंगकोटला सूर्योदयाला गर्दी असते. दुसऱ्या दिवशी गादीतून उठून फक्त तलावाच्या काठावर चालत जा, पाण्यात डोंगर उलटा दिसतो आणि शेजारी कुणी सेल्फी स्टिक धरलेली नसते. मधल्या दिवशी गाडीचं बघा: ब्रेक पॅड, कूलंट, टायरची हवा. इथे मेकॅनिक मिळतात, पुढे बंदीपूरला मिळणार नाहीत.

रस्त्यावरची भाषा

आपला मोठा फायदा असा की पाट्या देवनागरीत असतात. मैलाच्या दगडावरचे आकडेही. थोडे शब्द मात्र शिकून घ्या. ‘पहिरो’ म्हणजे दरड. ‘बाटो’ म्हणजे रस्ता, वाटेशी नातं सांगणारा. ‘उकालो’ चढ, ‘ओरालो’ उतार. ‘पसल’ दुकान. चहाच्या टपरीवर ‘अगाडि पहिरो छ?’ एवढं विचारता आलं की नकाशापेक्षा ताजी बातमी मिळते.

लाल पाटी खासगी गाडीची, काळी पाटी बस-टॅक्सीची. काळ्या पाटीच्या मायक्रोबसला नेहमी वाट द्या, तिला घाई असते, तुम्हाला नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये या, ब्रेकचा वास यायला लागला की थांबून चहा प्या. आणि संध्याकाळी पोलिसाने थांबवून तोंडाजवळ नळी आणली तर ती ‘मापसे’, म्हणजे मादक पदार्थ सेवनाची तपासणी. थोडीशी घेतलीय म्हणून सोडत नाहीत. जेवणाबरोबरची बिअर मुक्कामी पोचल्यावर.

बंदीपूर आणि सौराहा

पोखऱ्याहून पृथ्वी राजमार्गाने डुम्रे, तिथून उजवीकडे आठ किलोमीटर चढून बंदीपूर. पोखरा-डुम्रे रस्त्याचं रुंदीकरण झालंय, तरी मधेमधे धूळ आहेच. बंदीपूर हे नेवार समाजाच्या व्यापाऱ्यांचं गाव. सत्तरच्या दशकात महामार्ग खालून गेला, जिल्ह्याचं ठाणंही दमौलीला हललं, आणि गाव ओस पडलं. म्हणूनच जुनं राहिलं. बाजारात गाडी नेता येत नाही, बॅगा उचलून चालावं लागतं, त्यामुळे एका रात्रीपुरतं सामान वेगळ्या पिशवीत काढून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मुग्लिन. इथे मर्स्याङ्दी त्रिशूलीला मिळते. मुग्लिन ते नारायणगढ ३६ किलोमीटर नदीच्या कडेने, आणि पावसाळ्यात हा सगळ्या फेरीतला सर्वांत धोक्याचा तुकडा. जुलै २०२४ मध्ये सिमलतालजवळ दोन बस दरडीबरोबर नदीत गेल्या. कोरड्या दिवसांत, सकाळच्या उजेडात, न थांबता पार करा. नारायणगढजवळ देवघाटला त्रिशूली आणि काली गंडकी एकत्र येतात. रामदीला पुलावरून पाहिलेलं पाणी तुमच्या आधीच इथे पोचलेलं असतं.

सौराह्यात दोन रात्री. चितवन राष्ट्रीय उद्यान १९७३ चं, आणि एकशिंगी गेंडा बघायला यासारखी जागा कमी: २०२१ च्या गणनेत नेपाळात ७५२ गेंडे भरले, त्यांतले ६९४ इथे. हत्तीवरून फिरण्यापेक्षा जीप किंवा राप्तीतली लाकडी होडी निवडा. तिकिटाला सार्कच्या नागरिकांसाठी वेगळा, कमी दर असतो, ओळखपत्र खिशात असू द्या. संध्याकाळी गेंडा कधीकधी गावातल्या रस्त्यावरूनच चालत येतो. गाडीत असाल तर दिवे मंद करा आणि हॉर्नवरचा हात काढा.

परतीचा दिवस

सौराहा ते सोनौली दीडशे-एक किलोमीटर, नकाशावर सरळ रेष. फसू नका. नारायणगढ-बुटवल रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चाललंय आणि दौन्नेचा घाट खड्डे, धूळ आणि आडव्या ट्रकचा. सकाळी सहाला निघा, बुटवलला जेवा, तीनपर्यंत बेलहिया.

भन्सारच्या खिडकीवर पावती देऊन गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्या. बरेच जण घाईत तशीच कमान ओलांडतात, आणि पुढच्या खेपेला त्यांची गाडी कागदोपत्री अजून नेपाळातच असते. नोंद झालेल्या कागदाचा फोटो घ्या, उरलेले एनसी तिथेच मोडा, गोरखपुरात ते कुणी घेत नाही. आणि घड्याळ पंधरा मिनिटं मागे.